प्लास्टरवरची सही आणि अंधेरीचे त्रयस्थ

मुलुंड (पूर्व),
बुधवार, दुपार

चि. धोंडिराम यास,

ताईचा सप्रेम जयभीम आणि भरपूर आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तू तिकडे मालाडला बरा असावास. साखर किती आहे ते कळव (खरी कळव, मागच्या वेळी सांगितलेली साखर तू तपासणीच्या आधी दोन दिवस अर्धपोटी राहून मिळवली होतीस, हे सपनाने मला सांगितलं आहे). सकाळी चालायला जातोस की गॅलरीत उभा राहून चालणाऱ्यांकडे बघतोस? सपनाला म्हणावं, तिने पाठवलेले लाडू पोचले. गूळ जरा कमी होता, पण भाचीने केलेले म्हणून गोड मानून घेतले.

मुलुंडहून मालाडला पत्र टाकणारी बाई या मुंबईत मी एकटीच असेन. पण तुला फोन केला की तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणत राहतोस आणि मुद्द्याला आलं की लाइन कट होते. मी टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आहे, धोंडिराम. लाइन आपोआप कधी तुटते आणि माणूस कधी तोडतो, हे ओळखण्याबद्दल सरकारने मला आयुष्यभर पगार दिला. कागद असा तोडता येत नाही (फाडता येतो, पण फाडायच्या आधी तू वाचशील, एवढी मी तुला ओळखते). म्हणून परवा तू फोनवर जे सांगितलंस आणि सांगता सांगता जिथे फोन ठेवून दिलास, ते सगळं पहिल्यापासून क्रमाने लिहिते. पुढे ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ असं म्हणायची सोय राहायला नको.

तुझ्या दाजींचं प्लास्टर न पाहिलेला माणूस आपल्या नात्यात उरलेला नाही. आमच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला वसाहतीत सोनूबाईंची गायन पार्टी यायची होती. सोनूबाई त्या काळात काय होत्या, हे आजच्या पोरांना सांगून कळत नाही. पेटी सुरू झाली, बाईंनी पदर सावरला आणि बाबासाहेबांवरच्या गाण्याची पहिली ओळ उचलली, की मंडपाच्या मागे भांडणारे लोकसुद्धा भांडण तसंच अर्ध्यावर धरून उभे राहायचे. पार्टीत तू कोरसला होतास, टाळ्या द्यायचास आणि बाईंचं सामान सांभाळायचास. तुझे दाजी (तेव्हा नुसते अंबादास, कारखान्यातले इलेक्ट्रिशियन) भोंगा बांधायला बांबूवर चढले होते. बाई स्टेजवर आल्या, यांनी वळून बघितलं आणि हे खाली आले. भोंगा वरच राहिला. उजवा हात कोपराखाली मोडला. (हे स्वतः सांगताना बांबू सटकला असं सांगतात. बांबू सटकला नव्हता. मी चौकशी केलेली आहे.)

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः इस्पितळात आल्या, यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसल्या, नर्सकडून पेन मागून घेतलं आणि प्लास्टरवर सही केली. सही करताना बाई काहीतरी गुणगुणत होत्या, आणि ती पुरी होईपर्यंत शेजारच्या पेशंटचा चहा आला, त्याने तो पिऊन संपवला आणि कप परतसुद्धा गेला, असं हे सांगतात. इस्पितळात प्लास्टर कापलं तेव्हा यांनी ते मागून घेतलं. मला बघायला आले त्या दिवशी घरच्यांनी ठरवलेले सगळे विषय बाजूला ठेवून हा माणूस प्लास्टरवरच बोलत बसला. दादांना वाटलं, मुलाच्या डोक्यालाही मार लागलेला दिसतो. मी मात्र हो म्हटलं. तुटलेलं प्लास्टर जो इतकं जपतो तो बायकोही नीट सांभाळेल, असा माझा अंदाज होता आणि तो चुकला नाही. तेव्हापासून ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि उन्हाळ्यात मी त्याला पापडांच्या शेजारी गच्चीवर ऊन देते. पाहुणे विचारतात, हे काय वाळत घातलंय. मी म्हणते, आमच्या ह्यांचा हात.

आता चेंबूरच्या समाजमंदिरात बाईंच्या नावाने एक दालन होतंय, हे तुला माहीत आहे. बाईंच्या वस्तू तिथे मांडणार आहेत. यांनी प्लास्टर देऊन टाकायचं ठरवलं. तिथल्या मंडळाने सांगितलं, द्या, आणि उद्घाटनाच्या दिवशी दोन शब्द बोला. अरे, काय सांगू तुला! हे आंघोळीला गेले की नळ मोठा सोडून आतून भाषणाचा आवाज यायचा. ‘बंधू-भगिनींनो’पर्यंत आम्हाला रोज ऐकू येत होतं, पुढचं पाण्यात जायचं. नवीन सदरा शिवून आणला. आणि मग मंडळाने अट घातली की सही असलेल्या प्रत्येक वस्तूला त्रयस्थ प्रमाणपत्र हवं. (कुणीतरी बाई वारल्यानंतरच्या तारखेची सही आणून दिली होती म्हणे. मंडळाचंही चूक म्हणवत नाही.)

आमच्या सम्यकचा विश्वास कशावर बसेल याचा नेम नाही, पण ती गोष्ट मोबाईलवर सापडली तर नक्की बसतो. त्याने अंधेरीची ‘खातरजमा’ नावाची कंपनी शोधून काढली. गायक, वादक, वाद्यांवरच्या सह्या, जुन्या रेकॉर्डवरच्या सह्या, सगळं तपासून खरं-खोटं सांगतात आणि खरं असलं तर त्यावर चमकणारा स्टिकर लावतात. त्रयस्थ म्हणजे देणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. बाईंनी सही केली तेव्हा जो तिथे नव्हता, ज्याने बाईंना कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही, तो सांगणार आणि आपण मानणार. मी सम्यकला म्हटलं, तुझे वडील तिथे होते. तो म्हणाला, आई, म्हणूनच त्यांचं चालत नाही. मी कुकर लावायला गेले. प्लास्टर पाठवलं. सोबत आमच्या लग्नात बाईंनी आहेर म्हणून दिलेला, सही केलेला फोटोही पाठवला, एकाला दोन बरे म्हणून. कुरिअरचा माणूस दारात विचारतो, ‘पार्सलमध्ये काय आहे काका?’ तर हे सरळ म्हणाले, ‘माझा हात.’ तो एक पाय मागे सरकला. मला पुढे होऊन झाकण उघडून दाखवावं लागलं.

निकाल आला. फोटो पास. बरोबर बाईंच्या खांद्यावर चकचकीत स्टिकर लावून आला (मी नखाने काढून बघितला, निघत नाही). प्लास्टर नापास. कारण लिहिलं होतं: रेषा संथ आणि अडखळत काढलेली, प्रत्येक अक्षरानंतर पेन उचललेलं, हाताला सवय नाही, मूळ सही समोर ठेवून नक्कल करणाऱ्याची ही लक्षणं आहेत.

तुझ्या दाजींनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, ‘नसेल खरी.’ बस. मला राग आला तो या दोन शब्दांचा. भांडले असते, अंधेरीवाल्यांना चार शिव्या घातल्या असत्या, तर मी यांच्यासाठी चहा टाकला असता आणि विषय मिटला असता. पण हे गप्प झाले. मंडळाला फोन करून म्हणाले, माझं नाव काढा. आंघोळ चुपचाप. रविवारचं मटण ताटात तसंच. मंडळातला एक जण जिन्यात भेटला आणि हसत म्हणाला, ‘काय अंबादासराव, तेव्हा इंजेक्शन देऊन झोपवलं होतं वाटतं तुम्हाला?’ हे त्याच्याबरोबर हसले. तिसऱ्या मजल्यावर वर येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, मग दार लावल्यावर उतरलं. धोंडिराम, या माणसाला आयुष्यात पुरस्कार नाही, बढती एकच आणि तीही उशिरा. एक दुपार होती त्याच्याकडे. ती एका छापील कागदाने काढून घेतली.

म्हणून मी प्लास्टरचा डबा घेऊन अंधेरीला गेले. लिंक रोडने दोन बस बदलून गेले आणि तिथल्या एसीने गारठले (शाल नेली नव्हती, माझीच चूक). मिथुन नावाचा त्यांचा तज्ज्ञ भेटला. मुलगा वाईट नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याने पांढरे हातमोजे घालून प्लास्टर डब्यातून काढलं. इतकी वर्षं ज्याला मी झाडूच्या मागच्या बाजूने झटकत आले, ते असं उचललेलं बघून मला जरा ओशाळायला झालं. मी विचारलं, तुम्ही सोनूबाईंना ऐकलंय का? म्हणाला, ‘मॅडम, आम्ही ऑडिओ करत नाही.’ मी विचारलं, तुम्हाला कोण तपासतं? म्हणाला, ‘मॅडम, आमच्यावर लोकांचा विश्वास आहे.’ मी म्हटलं, आमच्या ह्यांच्यावरही होता, तुमचा कागद येईपर्यंत. त्यावर तो खाली बघायला लागला आणि मला त्याची दया आली. मग त्याने त्यांच्याकडच्या नक्की खऱ्या मानलेल्या सह्या मोठ्या पडद्यावर एकेक करून दाखवल्या. कॅसेट कंपनीचा करार. जाहिरातीचा कागद. कुणाकुणाला दिलेले फोटो. सगळीकडे तीच झोकदार सही, खाली ओढलेली दुहेरी रेघ, आणि शेवटच्या ‘ई’ला मांजरासारखी वर वळलेली शेपटी.

ती शेपटी मी ओळखते, धोंडिराम. चौथीत असताना त्या शेपटीपायी मी तुझ्या बोटांवर पट्टी मारली होती. तुला शुद्धलेखन मी शिकवलं, पाटीवर हात धरून अक्षरं मी गिरवून घेतली, आणि सगळी अक्षरं माझ्यासारखी झाली, ती एक ‘ई’ सोडून. ती तू कुणाचं न ऐकता तुझ्यासारखीच काढलीस. अंधेरीतल्या त्या गार खोलीत भिंतीएवढी मोठी होऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मला आपली जुनी खोली, कंदील आणि तुझी खाकी चड्डी आठवली.  अजून पाणी मागितलं, प्लास्टर पिशवीत घातलं आणि घरी आले.

घरी येऊन तुला फोन केला. आधी तू हसलास.  मग जे सांगितलंस ते असं. बाईंना लिहिता येत नव्हतं. अंगठा उठवायचा नाही, हा बाईंचा बाणा होता. बाबासाहेबांची गाणी गाणारी बाई अंगठा देणार नाही, असं त्या म्हणायच्या. म्हणून करारावर, फोटोवर, पोरांच्या वह्यांवर तू सही करायचास आणि बाई बाजूला मान ताठ ठेवून उभ्या राहायच्या. मग एकदा त्याच तुला म्हणाल्या, मला शिकव. कार्यक्रमाआधी मंडपामागे पावडरच्या डब्याचं झाकण उलटं करून, त्यात पावडर पसरून, बोटाने तू त्यांना नाव गिरवायला लावायचास आणि कुणी आलं की फुंकर मारायचास. (त्या चाळिशीच्या आणि तू मिसरूडही न फुटलेला! तेव्हा तुला पट्टी मारल्याचं सार्थक झालं म्हणायचं.) इस्पितळात एकालाच वर सोडत होते म्हणून तू संत्र्यांची पिशवी बाईंकडे देऊन खाली थांबलास. बाई खाली आल्या त्या लग्नाहून आल्यासारख्या. तू विचारलंस, काय झालं बाई? म्हणाल्या, ‘काही नाही, चल.’ प्लास्टर पुढे तू पाहिलंस तेव्हा तुला कळलं की जन्मात पहिल्यांदा बाईंनी कागदावर नाही, माणसाच्या मोडक्या हातावर स्वतःचं नाव लिहिलं.

आणि त्यानंतर कॅसेट कंपनीत त्यांनी हौसेने स्वतः सही केली तर तिथल्या कारकुनाने ती परत केली. आधीच्या सहीशी जुळत नाही म्हणाला. तेव्हा बाईंनी पेन तुझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘तूच कर रे बाबा. तुझी खरी आहे.’  आणि इथेच तू फोन ठेवलास.

म्हणजे जगात बाईंची स्वतःच्या हाताची सही उरली आहे ती एकच, आमच्या बिस्किटांच्या डब्यात, आणि तीच नापास. बाकी तुझ्या सगळ्या पास.

मी पुन्हा फोन केला तेव्हा तू म्हणालास, ताई, आता कशाला. त्या दालनात भिंतभर माझ्या सह्या लागल्यात, लोक मला लबाड म्हणतील. म्हणतील, दोन दिवस म्हणतील. लोकांचं काय ते मी बघून घेईन, माझा आवाज अजून चांगला आहे. पण मग तू खरं कारण सांगितलंस, की बाई अडाणी होत्या असं लोक म्हणतील आणि त्यांची शोभा होईल. यावर मी रात्रभर नव्हे, पण बराच वेळ विचार केला. धोंडिराम, आपल्या आईला मी नाव लिहायला शिकवलं तेव्हा तिने पहिल्यांदा रेशनच्या दुकानात सही केली, आणि घरी येऊन गल्लीत सगळ्यांना सांगत फिरली. शोभा झाली का तिची? चाळिशीत, स्टेजपुढे हजार लोक आपल्यासाठी थांबलेले असताना, मागे पावडरमध्ये बोट बुडवून जी बाई नाव गिरवते, तिची शोभा होणार? त्या दालनात हार्मोनियम ठेवा, शाल ठेवा, सगळं ठेवा. पण त्या अडखळत्या सहीएवढी मोठी वस्तू तिथे दुसरी नाही, आणि ती खोटी म्हणून माझ्या घरात पडली आहे, आणि तिच्यापायी माझा नवरा जेवत नाही.

तेव्हा येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी चेंबूरला उद्घाटनाला यायचं आणि चार माणसांत हे सांगायचं. सपनाला घेऊन ये. ‘बघतो’ म्हणू नकोस. ‘बघतो’ म्हणणारा माणूस बघत नाही, हे मी खात्यात शिकले.

पाणी भरपूर पी. जिन्यावर घाई करू नकोस.

रागावलेली नाही, पण रागावू शकणारी,
तुझी ताई सुगंधा

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. त्यांच्या आठवणीवर त्यांचाच विश्वास उडालाय, असं मी धरून चालले होते. चुकले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाई गुणगुणत नव्हत्या.’ मी म्हटलं, मग? म्हणाले, ‘स ला काना मात्रा सो, न ला दुसरा ऊकार नू. एकेक अक्षर तोंडाने म्हणत लिहीत होत्या. संपल्यावर मला म्हणाल्या, भाऊ, अजून नीट येत नाही, कुणाला सांगू नका.’ म्हणून या माणसाने त्याचं गुणगुणणं करून टाकलं आणि जन्मभर तेच सांगितलं. अंधेरीचा कागद आला तेव्हा अक्षरं अडखळत का आहेत, हे यांना पक्कं माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. नाही बोलले. जिन्यात हसून घेतलं. मी विचारलं, निदान मला तरी सांगायचं होतं! म्हणाले, ‘तू बाईंकडे जाऊन अक्षर सुधारून दिलं असतंस.’ (दिलं असतं.) आता म्हणतात, धोंडिराम हो म्हणाला तर मी बोलेन, बाईंचा विद्यार्थी नव्हे, मास्तर तो, त्याची परवानगी हवी. म्हणजे एक मालाडला गप्प, एक मुलुंडला गप्प, आणि दोघं एकाच बाईला सांभाळतायत, एकमेकांना पत्ता नाही. मी कुणाकुणावर ओरडू?

ता. क. २. आता जे खरं मागायचं आहे ते. तू चेंबूरला आला नाहीस, माईकसमोर उभा राहिला नाहीस, तरी मला चालेल. पण ही हकिकत मला तुझ्या हाताने लिहून हवी, प्लास्टरच्या शेजारी लावायला, खाली तुझी स्वतःची, धोंडिरामची सही. टाइप केलेली नको, सपनाकडून लिहून घेतलेली नको. तुझा हात थरथरतो ते सपनाने मला सांगितलं आहे. बँकेने सही परत केली, तेव्हापासून तू पेन हातात घेत नाहीस, आणि बशीत कप वाजतो म्हणून दिवाळीपासून आमच्याकडे येत नाहीस, हेही सांगितलं आहे. तिला रागावू नकोस, मी दटावून काढून घेतलं. तुझ्या दाजींनाही माहीत आहे; तू येशील तेव्हा आम्ही तिघंही बशी न घेता पेल्यातून चहा पिऊ, असं त्यांनी सुचवलं आहे. अक्षर वाकडं येईल, येऊ दे. मी पट्टी घेऊन बसणार नाही. लागेल तेवढा वेळ घे. बाईंनाही लागला होता.